पोलादी तंतूंचे काँक्रीट: जाळी कोठे काढता येते आणि कोठे येत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. औद्योगिक वसाहतीतील एका गोदामाची जमीन घालायची आहे. काँक्रीटची जाडी १८० मिलिमीटर आणि दर्जा एम ३० (दाब सोसण्याची ताकद ३० मेगापास्कल) आहे. मूळ आराखड्यात ८ मिलिमीटर सळईची, दोन्ही दिशांना २०० मिलिमीटर अंतराची एका थराची जाळी दाखवलेली आहे. ही जाळी काढून टाकावी आणि त्याऐवजी दर घनमीटर काँक्रीटमध्ये २० किलो स्टील फायबर, म्हणजे पोलादी तारेचे बारीक तुकडे (पोलादी तंतू), मिसळावे, असा ठेकेदाराचा प्रस्ताव आहे. तो मान्य करावा का, आणि मान्य केल्यास शेजारच्या कार्यालयाच्या पहिल्या मजल्याच्या स्लॅबमध्येही सळईऐवजी हेच तंतू वापरता येतील का, असे विचारले आहे.

गोदामाच्या जमिनीतील जाळी काढता येईल, मात्र २० किलो हा आकडा मी आहे तसा मान्य करणार नाही. मजल्याच्या स्लॅबमधील सळई काढू नये. दोन्ही उत्तरांचे कारण एकच आहे, म्हणून आधी ते समजून घेऊ.

नेहमीच्या प्रमाणात, म्हणजे घनमीटरला २० ते ४० किलो, पोलादी तंतू घातल्याने काँक्रीटची दाब सोसण्याची ताकद फारशी वाढत नाही. पहिला तडा ज्या भाराला जातो तो भारही जवळपास तेवढाच राहतो. तंतूंचे काम तडा गेल्यानंतर सुरू होते. साधे काँक्रीट तडकले की तेथील ताण सोसण्याची क्षमता जवळजवळ शून्यावर येते. तंतू असतील तर ते तड्याच्या दोन्ही काठांना धरून ठेवतात आणि तडा रुंदावू लागला की हळूहळू ओढले जाऊ लागतात. दोन्ही टोके आकड्यासारखी वळवलेला तंतू बाहेर ओढला जाताना त्याचा आकडा सरळ होत जातो आणि त्या सरळ होण्यात बरीच ऊर्जा खर्ची पडते. चांगल्या तंतूने तुटू नये, सावकाश ओढले जावे, अशीच त्याची रचना असते. म्हणूनच तंतूच्या तारेची ताकद काँक्रीटच्या दर्जाशी जुळावी लागते. काँक्रीट फार उच्च दर्जाचे आणि तार साधी असेल, तर आकडा सरळ होण्याआधीच तार तुटते आणि काँक्रीट पुन्हा ठिसूळपणे वागते. बाजारातील आकडेबाज तंतूंच्या तारेची ताकद साधारणपणे १००० मेगापास्कलच्या वर असते, आणि एम ३० ते एम ४० काँक्रीटला ती पुरते.

आता २० किलो हा आकडा कोठून आला असावा ते पाहू. ८ मिलिमीटर सळईचे वजन मीटरला ०.३९५ किलो असते. दोन्ही दिशांना २०० मिलिमीटरवर सळई म्हटली की एका चौरस मीटरमध्ये १० मीटर सळई, म्हणजे सुमारे ३.९५ किलो. जमीन १८० मिलिमीटर जाडीची असल्याने हे दर घनमीटरला २२ किलोच्या आसपास भरते. २२ किलो सळई काढायची आणि २० किलो तंतू घालायचे, असा किलोला किलो हिशेब येथे झालेला दिसतो. हा हिशेब मला वारंवार आढळतो आणि त्याला कोणताही तांत्रिक आधार नाही. सळई ताणाच्या दिशेने, ठरलेल्या खोलीवर, सलग असते. तंतू सर्व दिशांना विखुरलेले असतात आणि त्यांपैकी काहीच तड्याला उपयुक्त कोनात छेदतात. शिवाय २० किलो म्हणजे कोणत्या तंतूचे २० किलो, हे ठरल्याशिवाय त्या वजनाला अर्थ नाही. ६० मिलिमीटर लांब व ०.७५ मिलिमीटर जाड तंतू किलोत सुमारे ४८०० बसतात. त्यांची लांबी जाडीच्या ८० पट असते. ५० मिलिमीटर लांब व १ मिलिमीटर जाड तंतूंत हेच गुणोत्तर ५० असते आणि किलोत ते जेमतेम ३२०० बसतात. दोन्ही तंतू एकाच वजनाने घातले तरी तडा गेल्यानंतरची कामगिरी सारखी येत नाही.

म्हणून तंतूंची मागणी कामगिरीच्या भाषेत करावी. त्यासाठी युरोपातील ईएन १४६५१ ही चाचणी सर्वाधिक रूढ आहे. १५० मिलिमीटर चौरस छेदाच्या तुळईला खालून २५ मिलिमीटर खोल खाच पाडतात, ५०० मिलिमीटर अंतरावरील दोन टेकूंवर ती ठेवून मध्यभागी भार देतात, आणि खाचेचे तोंड ०.५, १.५, २.५ व ३.५ मिलिमीटर उघडेल त्या त्या वेळी ती किती ताकद टिकवून आहे हे मोजतात. ०.५ मिलिमीटरचा आकडा रोजच्या वापरातील वागणूक सांगतो आणि २.५ मिलिमीटरचा आकडा अंतिम भाराच्या हिशेबात वापरला जातो. तंतूंनी सळईची जागा अंशतः किंवा पूर्णतः घ्यायची असेल, तर ०.५ मिलिमीटरवरील ताकद पहिल्या तड्याच्या वेळच्या ताकदीच्या किमान ४० टक्के आणि २.५ मिलिमीटरवरील ताकद ०.५ मिलिमीटरवरील ताकदीच्या किमान निम्मी असली पाहिजे, अशी अट आंतरराष्ट्रीय काँक्रीट महासंघाच्या २०१० च्या आदर्श संहितेत आहे. रस्त्यांच्या कामासाठी आपल्याकडे भारतीय रस्ते काँग्रेसची आयआरसी:एसपी:४६-२०१३ ही मार्गदर्शिका आहे. औद्योगिक जमिनींसाठी बहुतेक सल्लागार ब्रिटनच्या काँक्रीट सोसायटीचा तांत्रिक अहवाल ३४ वापरतात.

या चाचणीचे निकाल तुळईगणिक बरेच बदलतात, हेही येथेच सांगितले पाहिजे. ६० मिलिमीटर लांबीचे वरील तंतू घनमीटरला ३० किलो घातले, तर खाचेवरच्या १५० गुणिले १२५ मिलिमीटरच्या छेदातून सरासरी ८० तंतू जातात. २० किलोला ही संख्या पन्नाशीच्या थोडी वर उरते. पन्नास-पंचावन्न तंतूंच्या विखुरणीत दहा इकडेतिकडे झाले तरी निकाल एवढा हलतो की त्यातून हमीचा आकडा काढताना फार मोठी घट धरावी लागते. जाळी पूर्ण काढायची असेल तर २० किलोला मी सहसा संमती देत नाही, ती यामुळे. अशा जमिनीसाठी लांबी-जाडीचे गुणोत्तर ६५ ते ८० असलेला आकडेबाज तंतू २५ ते ३५ किलोच्या दरम्यान लागेल, असा माझा अंदाज आहे. नेमका आकडा रॅकच्या पायांवरील भार, फोर्कलिफ्टच्या चाकांवरील भार आणि जमिनीखालच्या भरावाची ताकद यांवरून काढावा.

गोदामाच्या जमिनीला तंतू चालतात याचे कारण तिच्या खाली सर्वत्र भराव असतो. रॅकचा पाय पाच-सहा टन भार एका लहानशा पट्टीवर देतो, त्याच्याखाली स्लॅबच्या तळाला तडा जातो, पण तंतू त्या तड्यात वाकण्याला विरोध करत राहतात आणि भार आजूबाजूच्या न तडकलेल्या भागाकडे व खालच्या भरावाकडे वाटला जातो. स्लॅब कोसळण्यासाठी वरच्या पृष्ठभागावर गोलाकार तडा पूर्ण व्हावा लागतो आणि तो फार पुढच्या भाराला होतो. मायरहॉफ यांनी १९६२ साली मांडलेली भारक्षमतेची सूत्रे याच विचारावर उभी आहेत आणि आजचे तंतुयुक्त जमिनींचे संकल्पन त्यांच्याच पुढचे पाऊल आहे.

मूळ आराखड्यातील जाळी काय करत होती, हेही तपासून पाहावे. ती जाळी काँक्रीटच्या छेदाच्या ०.१४ टक्के आहे. एक मीटर रुंदीच्या पट्ट्यात तिची पूर्ण ताकद सुमारे १२५ किलोन्यूटन भरते, तर १८० मिलिमीटर जाडीचा तोच पट्टा आकुंचनाने तडकतो तेव्हा त्यातील ओढ ४५० किलोन्यूटनच्या घरात असू शकते. म्हणजे जाळी असली म्हणून आकुंचनाचे तडे थांबत नव्हतेच. ते जोडांच्या योग्य आखणीनेच आवरतात. त्यातही जाळी प्रत्यक्षात कोठे असते हा प्रश्न आहे. काँक्रीट ओतताना माणसे जाळीवरून चालतात, जाळी उचलून धरणारे कव्हर ब्लॉक कलंडतात आणि वरच्या तिसऱ्या हिश्शात दाखवलेली जाळी तळाच्या प्लास्टिक कागदावर जाऊन बसते. तंतू पूर्ण जाडीत असतात, कडेला आणि कोपऱ्यातही असतात, आणि जाळी नसल्यामुळे ट्रान्झिट मिक्सर थेट ओतण्याच्या जागेपर्यंत जाऊ शकतो. जमिनीच्या कामात तंतूंचा हा फायदा मी मोठा मानतो.

भरावाबद्दल मात्र कोणतीही सूट घेऊ नये. आपल्या पठारावर अनेक औद्योगिक भूखंडांत काळी माती आहे, ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तिच्यावर घातलेली जमीन जाळीनेही वाचत नाही आणि तंतूंनीही वाचत नाही. काळी माती पुरेशी खोल काढून चांगल्या मुरुमाचा भराव थराथराने दाबावा, आयएस ९२१४ या भारतीय मानकाप्रमाणे प्लेटवर भार देण्याची चाचणी घेऊन भरावाचा प्रतिसाद मोजावा आणि तोच आकडा संकल्पनात वापरावा. तंतूंच्या प्रस्तावासोबत येणाऱ्या हिशेबात हा आकडा बहुधा गृहीत धरलेला असतो. तो प्रत्यक्ष चाचणीतून आला आहे की नाही, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

आता मिसळणे आणि ओतणे. तंतूंचे काम बिघडते ते बहुतेक वेळा येथेच. तंतू जितका सडपातळ तितकी कामगिरी चांगली, पण तितकीच त्याचे गोळे होण्याची प्रवृत्तीही अधिक. म्हणून जास्त गुणोत्तराचे तंतू पाण्यात विरघळणाऱ्या गोंदाने चिकटवलेल्या पट्ट्यांच्या रूपात घ्यावेत. मिक्सरमध्ये त्या पट्ट्या आधी पसरतात आणि मग सुट्या होतात. रिकाम्या ड्रममध्ये आधी तंतू टाकू नयेत. बॅचिंग प्लांटवर खडीबरोबर कन्व्हेयरच्या पट्ट्यावरून सोडणे सर्वांत उत्तम. ट्रान्झिट मिक्सरमध्ये घालायचे असतील तर काँक्रीट भरून झाल्यावर, ड्रम पूर्ण वेगाने फिरत असताना, मिनिटाला २० ते ४० किलो या गतीने घालावेत आणि त्यानंतर किमान पाच मिनिटे ड्रम त्याच वेगाने फिरवावा. पूर्ण पिशवी एकदम ओतणे हेच गोळ्यांचे सर्वांत मोठे कारण आहे. तंतू घातल्यावर स्लम्प (ओल्या काँक्रीटचा मऊपणा) उतरतो आणि गवंडी लगेच पाण्याची नळी मागतो. ती देऊ नये. मिश्रण आधीच सुपरप्लास्टिसायझरने (पाणी न वाढवता मऊ करणाऱ्या रसायनाने) पुरेसे मऊ करून आणावे, वाळू आणि बारीक अंश थोडा वाढवावा. खडीचा सर्वांत मोठा आकार तंतूच्या लांबीच्या निम्म्याहून अधिक नसावा. २० मिलिमीटर खडीला ५० ते ६० मिलिमीटरचा तंतू त्यामुळेच योग्य ठरतो.

व्हायब्रेटरची सुई एका जागी जास्त वेळ धरली तर तिच्याभोवती तंतूविरहित चिखल जमतो आणि मऊ मिश्रणात तंतू खालीही बसतात. जमिनीसाठी कंपन देणारी फळी किंवा लेझर स्क्रीड (लेझरने पातळी राखणारे यंत्र) वापरणे बरे. पृष्ठभागावर तंतू उघडे राहू नयेत म्हणून ओल्या काँक्रीटवर कठीण खनिजाची कोरडी पूड पसरून ती पॉवर ट्रॉवेलने दाबून घ्यावी. जोडांसाठी ग्रूव्ह कापण्याची वेळही जपावी लागते: फार लवकर कापले तर पाते तंतू उपटते आणि कडा खरवडल्या जातात, आणि फार उशीर केला तर काँक्रीट स्वतःच्या मर्जीच्या जागी तडकून मोकळे होते. तंतू आहेत म्हणून जोड नकोत, हे म्हणणे मान्य करू नये. पाच-सहा मीटरवर कापीव जोड ठेवावेत. त्याहून मोठे, मध्ये जोड नसलेले पट्टे करता येतात, पण त्यासाठी ३५ किलोच्या वर तंतू, कमी आकुंचनाचे मिश्रण, खाली सरकण्यासाठी गुळगुळीत थर आणि कडांना पोलादी संरक्षित जोड असे वेगळे संकल्पन लागते. काम थांबवून पुढे सुरू केलेल्या जोडातून तंतू आरपार जात नाहीत, म्हणून तेथे भार पलीकडे नेण्यासाठी जोडाच्या आरपार डॉवेल सळया किंवा पट्ट्या द्याव्याच लागतात. खांबांभोवती आणि जमिनीच्या आत वळणाऱ्या कोपऱ्यांपाशी मी तंतूंच्या जोडीला दोन-तीन तिरक्या सळयाही घालतो. तेथील ताण एकवटलेला असतो आणि या सळयांचा खर्च नगण्य आहे.

उन्हाळ्यात, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यातील कोरड्या वाऱ्यात, काँक्रीट ओतल्यापासून पहिल्या काही तासांत पृष्ठभागावर केसासारखे तडे पडतात. पोलादी तंतू ते थांबवत नाहीत. त्यासाठी पॉलिप्रॉपिलीनचे बारीक तंतू घनमीटरला ०.६ ते ०.९ किलो घालावेत, पत्रे बसेपर्यंत बाजूने वारा अडवावा आणि क्युरिंग लगेच सुरू करावे. एकाचे काम दुसऱ्यावर ढकलू नये.

गंजाबद्दल बहुतेकांना शंका असते. सळई गंजते तेव्हा तिचे आकारमान वाढून कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, फुटते. तंतू इतका बारीक असतो की तो गंजला तरी काँक्रीट फोडण्याइतका दाब निर्माण करू शकत नाही. न तडकलेल्या, दाट काँक्रीटमध्ये गंज पृष्ठभागालगतच्या काही मिलिमीटरपुरता मर्यादित राहतो आणि तेथे तपकिरी ठिपके दिसतात, हा शोभेचा दोष आहे. पण रुंद तड्यांत क्षार आणि पाणी शिरत असेल तर तड्याला सांधणारेच तंतू क्षीण होतात. कोकण किनाऱ्यावर, बंदराच्या आवारात किंवा मासळीच्या शीतगृहात म्हणून तड्याच्या रुंदीची मर्यादा कडक ठेवावी आणि गरज भासल्यास जस्ताचा थर दिलेले किंवा स्टेनलेस तंतू घ्यावेत.

आता मजल्याच्या स्लॅबकडे येतो. समजा स्लॅब १५० मिलिमीटर जाडीचा, एम ३० चा आहे आणि त्यात १० मिलिमीटर सळई १५० मिलिमीटरवर आहे. एक मीटर पट्ट्याची वाकण सोसण्याची क्षमता सुमारे २६ किलोन्यूटन-मीटर येते. त्याच स्लॅबमध्ये फक्त तंतू घातले आणि २.५ मिलिमीटर तड्यावर ३ मेगापास्कल इतकी चांगली कामगिरी मिळाली, तर आदर्श संहितेच्या सोप्या सूत्राने ही क्षमता ११ येते आणि सुरक्षागुणक लावल्यावर ७.५ उरते. याच स्लॅबला पहिला तडा १४ च्या सुमारास जातो. म्हणजे तडा जाताक्षणी जेवढा भार वर होता तेवढाही तो पेलू शकत नाही. खाली भराव नाही. दोन भिंतींवर किंवा तुळयांवर टेकलेल्या स्लॅबला भार वाटून द्यायला दुसरी वाटही नाही. तो इशारा न देता खाली येईल. युरोपात खांबांवरचे सपाट स्लॅब मुख्यतः तंतूंवर बांधले गेले आहेत, हे खरे आहे. पण तेथे तंतूंचे प्रमाण घनमीटरला १०० किलोच्या आसपास होते, पूर्ण आकाराच्या स्लॅबवर भारचाचण्या झाल्या होत्या आणि एक भाग पडल्यास सगळे पडू नये म्हणून खांबांवरून सलग सळया दिलेल्या होत्या. ३० किलोच्या पावतीवर त्याचा दाखला देणे धोक्याचे आहे. पत्र्याच्या डेकवरील (नालीदार पोलादी पत्र्यावर ओतलेल्या) स्लॅबमध्ये वरची आकुंचनाची जाळी काढून तंतू घालणे मात्र, डेकच्या उत्पादकाकडे तशा चाचण्या व अग्निरोधाचे दाखले असतील तर, योग्य आहे.

भार वाटला जाण्याची शक्यता जेथे आहे तेथे हे साहित्य फार मोठी कामे करते, याची जाणीव असावी. नॉर्वेत १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून बोगद्यांच्या खडकावर जाळी ठोकण्याऐवजी तंतुयुक्त शॉटक्रीट (दाबाने फवारलेले काँक्रीट) मारले जाऊ लागले, कारण खडकाच्या खडबडीत पृष्ठभागावर ते सारख्या जाडीने बसते आणि ताज्या उघड्या खडकाखाली उभे राहून जाळी बांधण्याचा धोका टळतो. लंडनच्या क्रॉसरेल रेल्वेच्या बोगद्यांची वर्तुळाकार अस्तरे बव्हंशी पोलादी तंतूंच्या काँक्रीटच्या, आधी ओतून तयार केलेल्या खंडांची आहेत. तेथे खंड मुख्यतः दाबात असतो आणि तंतू हाताळणीच्या व जॅकच्या दाबाच्या वेळी कडा फुटू देत नाहीत. आपल्या रस्त्यांवरील मॅनहोलची एसएफआरसी (पोलादी तंतूंच्या काँक्रीटची) झाकणे याच घराण्यातली. आयएस १२५९२ मध्ये त्यांचे २.५, १०, २० आणि ३५ टनांचे वर्ग आहेत, आणि घेताना झाकणावर वर्ग कोरलेला आहे का ते पाहिले पाहिजे. साखर कारखान्यांच्या बॉयलरमध्ये वापरल्या जाणाऱ्या उष्णतारोधक कास्टेबलमध्येही (ओतून बसवायच्या अस्तरात) स्टेनलेस तंतू घालतात, कारण वारंवार तापून-थंड होताना अस्तर तडकले तरी त्याचे तुकडे गळून पडू नयेत. दुसऱ्या टोकाला, कॅनडातील शेरब्रुक येथे १९९७ साली उभा राहिलेला ६० मीटर गाळ्याचा पादचारी पूल अतिउच्च ताकदीच्या काँक्रीटचा आहे. त्यात जेमतेम सव्वा सेंटिमीटर लांबीचे बारीक तंतू सुमारे २ टक्के आकारमानाने, म्हणजे घनमीटरला दीडशे किलोच्या वर आहेत, आणि तरीही मुख्य भार पूर्वताणित (आधीच ताणून ठेवलेल्या) केबल घेतात.

खर्चाच्या बाबतीत ठेकेदाराचे म्हणणे बहुतांशी बरोबर आहे. तंतू किलोला सळईपेक्षा महाग असतात; वाचते ते सळई कापणे, बांधणे, कव्हर ब्लॉक, पंप आणि दिवस. पण ही बचत २० किलोच्या दराने मोजलेली आहे. २८ किंवा ३० किलोने ती पुन्हा मोजायला सांगावी. मोठ्या क्षेत्रफळावर ती तरीही उरते असा अनुभव आहे.

प्रस्तावाला संमती देताना पुढील गोष्टी लेखी घ्याव्यात: तंतूची लांबी, जाडी, तारेची ताकद आणि टोकांचा आकार, याच दर्जाच्या काँक्रीटमध्ये, याच प्रमाणाला घेतलेल्या तुळई-चाचणीचा अहवाल, रॅक आणि फोर्कलिफ्टचे खरे भार धरून केलेला, संकल्पकाने स्वाक्षरी केलेला हिशेब. कामाच्या दिवशी प्रत्येक ठरावीक गाडीच्या सुरुवातीच्या, मधल्या आणि शेवटच्या भागातून १० लिटर काँक्रीट काढावे, ते पाण्याने धुऊन तंतू लोहचुंबकाने गोळा करावेत, वाळवून तोलावेत. ३० किलोच्या मिश्रणात १० लिटरला ३०० ग्रॅम भरले पाहिजेत. एकही नमुना २४० ग्रॅमच्या खाली गेला किंवा तिघांची सरासरी २५५ च्या खाली आली, तर मी ती गाडी ओतू देत नाही आणि मिसळण्याची पद्धत दुरुस्त होईपर्यंत पुढची गाडीही मागवत नाही.